फसलेल्या पावांची वारस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय खानावळ चालवणे, राहणार बंदराच्या दुसऱ्या फाटकासमोर, त्याच खानावळीच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखल्यात त्यांनी 'प्रकृती स्थिर' असं लिहिलं आहे. मला विचारलं असतं तर मी 'दमलेली' लिहायला सांगितलं असतं.

दोन वर्षांपूर्वी केलेलं मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. त्यात असं होतं की घर आणि खानावळ माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावी, मात्र तिने खानावळ निदान दहा वर्षं चालू ठेवावी. वकीलबाईंनी त्याची प्रत तिला टपालाने पाठवली. ती आठ दिवसांत परत आली. वरच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने दोनच शब्द होते, 'नको आहे.' माझ्या मुलीचं अक्षर लहानपणापासून सुरेख. त्या दोन शब्दांतही एक काना वाकडा नव्हता.

हे दुसरं मृत्युपत्र लिहिण्यामागे माझा हेतू एकच आहे. माझ्या मुलीने हे घर घ्यावं. देणं माझ्या हातात आहे, घेणं तिच्या.

मसुदा वकीलबाईंनी करून दिला होता. दीड पानाचा होता आणि त्यात माझं काहीच नव्हतं. मी म्हटलं, मी माझ्या हाताने लिहिते. त्या म्हणाल्या, "काकू, मृत्युपत्रात मनातलं लिहायचं नसतं. कोणाला काय द्यायचं, एवढंच लिहायचं."

"तेच तर लिहिणार आहे," मी म्हटलं.

"मग थोडक्यात लिहा."

प्रयत्न करते.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांना घाई असते, पण त्या खोटं बोलत नाहीत. मिठाशिवायचं जेवण त्यांना डॉक्टरांनी सांगितलं आहे आणि त्या माझ्याकडे येऊन ते मोडतात, हे त्यांच्या यजमानांना कळू देऊ नये.

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातून आधी माझं शेवटचं सगळं उरकावं, उरेल ते मुलीला द्यावं. फार काही निघणार नाही. मी चांगली स्वयंपाकीण होते, चांगली दुकानदार नव्हते.

कलम ३. जड बुडाचं मोठं पातेलं, लांब पात्याची सुरी आणि दगडी खल हे शेजारच्या शिंपीणबाईंना द्यावं. खल दोन माणसांशिवाय हलत नाही, तेव्हा त्यांनी आधी जागा ठरवून मग उचलायला लावावा. माझे सगळे एप्रन त्यांनीच शिवलेले आहेत. दर वेळी खिसा डावीकडे लावतात, दर वेळी मी उजवीकडे सांगते. चाळीस वर्षं मी डाव्या खिशात हात घातला. आता राहू दे.

कलम ४. इथे वही येते, आणि वहीबद्दल लिहायचं तर खानावळीबद्दल लिहावं लागेल. वकीलबाईंनी हे पान वगळून पुढे वाचलं तरी चालेल.

माझा नवरा गोदीत जहाजं रंगवायचा. शिडी सरकली आणि तो गेला तेव्हा आमची मुलगी चार वर्षांची होती. मला स्वयंपाकाशिवाय काही येत नव्हतं, आणि तोही बेताचाच. खाली पूर्वी दोरखंडांचं गोदाम होतं, तिथे मी सहा टेबलं टाकली. पहिल्या आठवड्यात एक खलाशी आला. बेटावरचा होता. आमची भाषा त्याला तुटकी यायची. त्याने माझा रस्सा बाजूला सारला आणि हातवारे करून सांगितलं, की मासा घे, चुलीवर ठेवू नकोस, लिंबाच्या रसात ठेव, वर नारळाचं दूध घाल. मला वाटलं टवाळी करतोय. कच्चा मासा लिंबात कसा शिजेल? पण गिऱ्हाईक दुसरं नव्हतं, म्हणून केलं. त्याने एक घास घेतला आणि म्हणाला, "नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. "नाही." चौथ्या दिवशी तो काहीच बोलला नाही. सगळं खाल्लं आणि बराच वेळ रिकाम्या वाटीकडे बघत बसला. मग उठून, माझ्या हातातलं फडकं घेऊन त्याने स्वतःच टेबल पुसलं.

तिथून पुढे माझी रीत ठरली. खाणाऱ्याने सांगायचं, मी करायचं. त्याने 'नाही' म्हटलं की पुन्हा करायचं. बरोबर जमलं की माणूस वाहवा करत नाही, हे मला लवकर कळलं. 'चांगलं झालंय' असं कोणी म्हणालं की समजावं, चुकलं. बरोबर जमलं की माणूस गप्प होतो, नाहीतर चिडतो. एक घड्याळजी होता, त्याला द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात हवा होता, करंगळीएवढ्या गुंडाळ्या, त्याच्या आजीच्या करंगळीएवढ्या. सहाव्या खेपेला तो माझ्यावर ओरडला, "तुला कोणी सांगितलं हे?" अरे बाबा, तूच.

असं जमलं की मगच मी ते वहीत लिहायची. पदार्थाचं नाव लिहीत नसे, कारण ती नावं माझ्या जिभेला वळत नसत. माणसाचं लिहायची. 'नर्सबाईंची कोबी' म्हणजे तिखट लावून बरणीत आंबवलेली. तिच्या वासाने वरच्या मजल्यावर राहायला आलेला भाडेकरू पंधरवड्यात पळाला. 'ट्रकवालीची कणसाच्या पानातली पुडी.' 'विद्यार्थ्याच्या ओढलेल्या शेवया', ज्या शिकताना माझे खांदे भरून आले होते. 'नदीकाठचा रस्सा' दोन पानांवर आहे, कारण एक वेल्डर आणि एक फिटर एकाच नदीच्या दोन काठांवरचे होते. वेल्डरच्या काठावर मटणात आलुबुखार घालतात. फिटर म्हणाला, फळ मटणात घालणाऱ्याच्या घरी आम्ही मुलगी देत नाही. तीन आठवडे दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवले. शेवटी मी दोन पातेली चढवायला लागले, तर दोघंही चोरून दुसऱ्याच्या वाडग्यात बोटं घालायचे.

अशी एकशे चौदा पानं आहेत. ती वही मी माझ्या धाकट्या बहिणीला देते.

लोक म्हणतील, हिला का? तर सांगते. धाकटी सहा वर्षं माझ्या हाताखाली होती. एका सुट्टीत तिने वहीची सगळी पानं उतरवून घेतली आणि मोठ्या रस्त्यावर स्वतःचं उपाहारगृह काढलं. बाहेर पृथ्वीच्या गोलाचं चित्र, आत गाद्यांच्या खुर्च्या. मी एकदाच गेले. घड्याळजीच्या गुंडाळ्या मागवल्या. त्या माझ्या मनगटाएवढ्या होत्या. मी विचारलं, "अगं, या केवढ्या?"

"ताई, लोकांना भरपूर दिसलं पाहिजे."

"आणि सगळ्यांत एकच मसाला कसा लागतोय?"

"लोकांना तोच आवडतो. तू एकेकाच्या आजीला शोधत बस."

तिचं चांगलं चाललं. अजूनही चालतं. मी बारा वर्षं तिच्याशी फक्त लग्नाकार्यात बोलले, आणि तेही पाणी दे, खुर्ची घे एवढंच. आता तो राग उचलून धरायला हात दुखतात. तिच्याकडे नक्कल आहे, अस्सल तिच्याकडेच जावी. निदान मापं तरी तपासून घेईल. करंगळीचं चित्र मी पान सदतीसवर काढलेलं आहे.

कलम ५. खिडकीजवळचं टेबल आणि त्याच्याशी असलेली हाताच्या टेकूची खुर्ची क्रेनवाल्यांना द्यावी. ते बंदरात क्रेन चालवायचे, आता निवृत्त आहेत. एकोणतीस वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी याच खुर्चीत बसून ते त्यांच्या गावचं लाल सूप पितात. बीट, कोबी, हाडाचं पाणी, वर घट्ट सायीचा चमचा.

यातली एकोणीस वर्षं मी ते सूप चुकीचं करत होते. आंबटपणासाठी मी व्हिनेगर घालायची. मग एका जहाजावरचा बिनतारी यंत्रवाला आला, त्यांच्याच भागातला. तो म्हणाला, व्हिनेगर कुठलं, बीट पाण्यात ठेवून आंबवायचं, आठवडाभर. मी ओशाळले. आठवडाभर बीट आंबवलं आणि शुक्रवारी बरोबर सूप करून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी अर्धं प्यायलं आणि चमचा खाली ठेवला.

मी विचारलं, "चुकलं?"

"नाही बाई. बरोबर आहे. अगदी असंच असतं."

"मग?"

"मंगळवारी आधीसारखं कराल का?"

"म्हणजे ते चूक आहे हे तुम्हाला ठाऊक होतं? एकोणीस वर्षं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत हो? 'नाही' म्हणायचं. माझ्याकडे सगळे म्हणतात."

त्यांनी सायीचा चमचा चाटला. मग म्हणाले, "हे गावाकडचं आहे, बाई. तिथे आता माझं कोणी नाही. ते दुसरं मी इतकी वर्षं पीत आलो ते. बायको आजारी होती तेव्हा डब्यात न्यायचो ते."

तेव्हा मला हे नीटसं कळलं नाही. म्हाताऱ्या माणसाची सवय, असं म्हणून मी सोडून दिलं. हे मी इथे लिहिते आहे कारण पुढचं कलम त्यावाचून समजणार नाही.

कलम ६. माझ्या मुलीविषयी.

ती शेजारच्या शहरात पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. नळाने घरोघर जाणारं पाणी ती तपासते. यंत्रं आहेतच, पण अजूनही चौघीजणी रोज सकाळी पेले घेऊन बसतात आणि चाखतात. पाण्याला कसलीही चव नसावी हे बघणं तिचं काम. मी एकदा गमतीने म्हटलं होतं, आई चवीचा पैसा घेते आणि लेक बेचवीचा. ती हसली नव्हती.

सात वर्षांपूर्वी तिचा चाळिसावा वाढदिवस होता. जावयांनी तिच्या कामावरची माणसं जेवायला बोलावली होती. मी दोन दिवस खपून वहीतले आठ पदार्थ केले आणि डबे घेऊन बसने गेले. सगळे तुटून पडले. तिच्याबरोबर पाणी चाखणारी एक बाई होती, तिने सहज विचारलं, "एवढं सगळं येतं तुझ्या आईला. मग तुमच्या घरचं खास काय? तुझ्या आवडीचं यातलं कोणतं?"

माझ्या मुलीने टेबलावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. मग म्हणाली, "पाणी आणते."

मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. ती नळ सोडून उभी होती. म्हणाली, "आई, यातलं माझं कोणतं?"

"सगळंच तुझं आहे की."

"कुठलं माझं? ते सूप क्रेनवाल्या काकांचं. ती कोबी नर्सबाईंची. त्या गुंडाळ्या कोणाच्या तरी आजीच्या. तू सगळ्यांना विचारलंस, बाबा तुला काय हवं, तुझ्या घरी कसं करायचे. मला कधी विचारलंस? माझ्या ताटात काय असायचं ते आठवतं? जे फसलं ते. बरोबर जमलं की गिऱ्हाइकाला, फसलं की मला."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण दोन दिवस उभी होते, पाय सुजले होते. मी म्हणाले, "फसलेलं का असेना, उपाशी तर ठेवलं नाही ना तुला?"

तिने नळ बंद केला. त्यानंतर सात वर्षं ती या घरात आली नाही. फोन करायची, प्रकृती विचारायची, ठेवायची. पहिल्या मृत्युपत्रात मी खानावळीची अट घातली ती याच रागात, हे आज कबूल करते. मला वाटलं होतं, चालवू दे दहा वर्षं, मग कळेल तिला उभं राहणं म्हणजे काय ते.

कलम ७. तीन महिन्यांपूर्वी तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. मला नंतर कळवलं. जावई शाळेत भूगोल शिकवतात, मवाळ माणूस आहेत, फोनवर रडवेले झाले होते. "आई, तिच्या घशाखाली काहीच उतरत नाही. तिसरा आठवडा आहे. काल ग्लानीत म्हणाली, आईचा तो चिकट पाव हवा. मी सगळ्या बेकऱ्या पालथ्या घातल्या. चिकट पाव म्हणजे काय असतं हो?"

ते मला एकटीला ठाऊक होतं.

ती सहा वर्षांची असताना एक ओंडकेवाला आला होता. लाकडाचे ओंडके घेऊन येणाऱ्या बोटीवर होता, आणि बोट महिनाभर दुरुस्तीला लागली होती. त्याला त्याच्या घरचा काळा पाव हवा होता. राय नावाच्या धान्याच्या पिठाचा, आंबट, विटेसारखा जड. माझ्याकडे भट्टी नव्हती. स्टोव्हवर पत्र्याचा डबा पालथा घालून मी भाजायची. पीठही बंदराच्या गोदामातलं, दमट. अकरा पाव केले. अकराही आतून चिकट, सुरीला गोंदासारखे लागणारे. ओंडकेवाला संध्याकाळी यायचा, तुकडा तोंडात टाकायचा आणि म्हणायचा, "नाही." मग उरलेल्याचे मी गोळे तोडायची, कांद्यावर परतायची, मीठ-मिरी घालायची आणि मुलीला द्यायची. महिनाभर तिने तेच खाल्लं. बारावा पाव, नवं पीठ आणून केलेला, जमला. त्याची कृती वहीत आहे. फसलेल्या अकरांची कुठेही नाही. फसलेलं मी कधी लिहून ठेवलंच नाही.

क्रेनवाल्यांचं मंगळवारचं सूप मला त्या दिवशी, फोन हातात असताना, कळलं.

आता फसवायचं कसं? हसू येईल, पण चाळीस वर्षं ज्या हाताने एक गोष्ट बरोबर केली, त्याला ती चुकवता येत नाही. मी स्टोव्हवर तसाच डबा पालथा घातला. पीठ मुद्दाम दमट जागी ठेवलं. आंबवण कमी केलं, मग जास्त केलं. दर वेळी पाव भाजून झाला की फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी जावयांकडे पाठवायची. असे पाच पाठवले. जावई फोन करायचे. "खाल्ला तिने. म्हणाली, चांगला झालाय."

चांगला झालाय म्हणजे काय, ते मी वर लिहिलंच आहे.

पाचव्यानंतर मला जिन्यात चक्कर आली आणि दवाखान्यात चार दिवस काढावे लागले. तेव्हा ती आली. परवा. अजून अशक्त आहे, गालांची हाडं दिसतात. बॅग घेऊन घरी आली नाही, स्टेशनजवळच्या लॉजवर उतरली. सकाळी येते, माझी औषधं बघते, खानावळीच्या दाराजवळच्या टेबलाशी बसते आणि अंधार पडायच्या आत जाते. खाते ते लॉजवरच. आम्ही हवेबद्दल बोललो. पाण्याच्या दर्जाबद्दल बोललो. आमच्या नळाला गंजाची चव येते म्हणाली.

आज सकाळी मी सहावा पाव केला. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली आहे, म्हणून खुर्चीत बसून केला. अकराच्या सुमारास डबा उचलला, पाव काढला आणि सवयीने फडकं पसरलं. ती आत आली होती हे मला दिसलं नाही.

"हे काय करतेस?" तिने विचारलं.

"गुंडाळतेय. उद्या कापू."

"उद्या का?"

"असा पाव एक दिवस मुरावा लागतो."

"तेव्हा कुठे मुरायचा?" ती म्हणाली. "मी शाळेतून यायचे, तू डबा उचलत असायचीस. मी इथे उभी राहून ओरडायचे, आई, आत्ता दे, आत्ता दे. तू म्हणायचीस, अगं तोंड भाजेल. आणि मग कापायचीस."

मी वही काढून बाराव्या पावाची कृती वाचली. शेवटची ओळ माझ्याच अक्षरात आहे, 'दुसऱ्या दिवशी कापणे.' बारावा केला तेव्हा हिला खोकला होता म्हणून दोन दिवस धाकटीकडे ठेवली होती. ओंडकेवालाही त्या संध्याकाळी आला नाही. पाव फडक्यात तसाच राहिला आणि दुसऱ्या दिवशी बरोबर निघाला. मी चाळीस वर्षं त्याचं श्रेय नव्या पिठाला देत आले. पिठाचा काही संबंध नव्हता. काळा पाव गरम कापला की आतून गोंद होतो, एवढंच. अकराही पाव बरोबरच होते. मुलगी भुकेने दारात उभी होती आणि मला तिला थांबवणं जमलं नाही, म्हणून ते फसले.

हे मी तिला एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. मी म्हटलं, "सुरी दे."

गरम कापला. वाफ आली, सुरीला सगळं चिकटलं. ते बोटांनी निपटून काढलं, गोळे तोडले, कांदा चिरायला घेतला तर ती म्हणाली, मी चिरते. तिला अजून कांदा चिरता येत नाही. एक चकती जाड, एक पातळ. परतलं, मिरी घातली. ताटलीत वाढेपर्यंतही तिला दम नव्हता, कढईतूनच घेतलं. पहिला घास तोंडात फिरवत राहिली, जसं पाणी चाखतात तसा.

मी वाट बघत होते. इतक्या जणांच्या तोंडाकडे बघत मी उभी राहिले आहे.

ती म्हणाली, "मीठ कमी आहे." मीठ घेतलं आणि खात राहिली. कढई संपवली. मग म्हणाली, "जरा पडते," आणि जिना चढून वर गेली. लॉजची किल्ली टेबलावरच राहिली आहे.

कलम ८. म्हणून, वरच्या दोन खोल्या, खालची जागा, मागचं अंगण आणि आतलं सगळं सामान, वर दिलेलं वगळता, मी माझ्या मुलीला देत आहे, आणि या देण्याला कोणतीही अट नाही. खानावळ तिने चालवू नये. चालवली तर तिची मर्जी, पण माझ्यासाठी चालवू नये. पाटी काढून टाकावी. खाली पाहिजे तर पुन्हा दोरखंड ठेवावेत. घर विकलं तरी माझी हरकत नाही. तिने पुन्हा 'नको आहे' असं लिहिलं तर वकीलबाईंनी तिला समजावू नये, दोनदा विचारू नये, आणि मला वाईट वाटलं असतं असंही सांगू नये.

तिला घर हवं आहे का, हे मी अजून विचारलेलं नाही. आज विचारायचं होतं.

कलम ९. वहीत मागच्या बाजूला काही कोरी पानं होती. त्यातलं एक मी फाडून घेतलं आहे. त्यावर आजच्या तारखेने कृती लिहिली आहे, पीठ, पाणी, स्टोव्ह, पालथा डबा, 'निघताक्षणी कापणे', आणि वर पहिल्यांदाच माझ्या मुलीचं नाव. ते पान धाकटीला देऊ नये. ते माझ्या मुलीचं आहे.

हे सगळं मी वाचून पाहिलं. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे सही केली आहे. साक्षीदार म्हणून क्रेनवाले आणि शिंपीणबाई यांना बोलावलं होतं. पण वकीलबाई आत्ताच आल्या आणि म्हणाल्या, ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार होता येत नाही. "काकू, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." सांगितलं असेल. दोघं म्हणाले, आम्हाला खुर्ची आणि खल नको, सही करतो. मी म्हटलं, गप्प बसा, घ्या मुकाट. शेवटी वकीलबाईंनी समोरच्या औषधवाल्याला आणि टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनला बसवलं आहे. दोघांनी मला सही करताना पाहिलं आणि मी त्यांना. बाकीचे नुसते उभे आहेत.

नियमाप्रमाणे हे आता मोठ्याने वाचून दाखवायचं असतं, असं वकीलबाई म्हणतात. त्यांचा आवाज खणखणीत आहे. वर माझी मुलगी झोपली आहे. तीन महिन्यांत तिला सलग झोप लागलेली नाही, असं जावयांनी सांगितलं होतं. दुपारी बारापासून ती हललेली नाही, मी दोनदा जिन्याखाली जाऊन कान दिला. तेव्हा हे सर्वांनी आपापलं मनात वाचावं. पोस्टमनने जाताना बूट दाराबाहेर घालावेत. कोणी हाक मारू नये. उठली की मी विचारीन.

ठिकाण: खानावळीचं स्वयंपाकघर
दिनांक: १४ मार्च, दुपारी साडेतीन

मृत्युपत्र करणार: (सही) खानावळवाली
साक्षीदार १: (सही) औषधवाला
साक्षीदार २: (सही) पोस्टमन

आवाज न करता वाचले: (सही) वकीलबाई